थांब्यावरची मिनिटं मोजा: महानगरातली बससेवा चालवायची कशी

परिवहन समितीच्या बैठकीत बसचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवीन गाड्या किती येणार? पेपरातही मथळ्यात तोच आकडा जातो. थांब्यावर उभ्या माणसाला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. पुढची बस किती मिनिटांनी येईल आणि आली तर आत शिरता येईल का, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून या लेखात बससेवा त्या मिनिटांपासून सुरू करून मागे डेपोपर्यंत बांधत नेली आहे. उदाहरणं बहुतेक मुंबई परिसरातली आहेत. महापालिकेच्या परिवहन उपक्रमात काम करणारे, समितीवर निवडून गेलेले आणि प्रवासी संघटना चालवणारे, सगळ्यांना कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करता यावा, इतपत तपशील दिला आहे.

सुरुवात: कोणाच्या हातात काय आहे

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. तेव्हा शहर आणि सेवा यांची हद्द साधारण एकच होती. आज महानगर प्रदेशात मुंबईच्या बेस्ट उपक्रमाशिवाय ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरारचे उपक्रम आहेत. मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे आहेत, आणि मेट्रोच्या मार्गिका वेगवेगळ्या संस्था चालवतात. डोंबिवलीहून अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या माणसाला यातल्या निदान दोघांशी रोज गाठ पडते.

तेव्हा पहिलं काम नकाशा उघडण्याचं नाही. एका कागदावर लिहा: रस्ता कोणाचा, सिग्नल कोणाचा, थांब्याची जागा कोण देतं, स्टेशनबाहेरचा चौक कोणाच्या ताब्यात आहे, भाडेवाढीला मंजुरी कोण देतं. मुंबईत भाडं उपक्रम सुचवतो, पण त्यावर महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरणाचा शिक्का लागतो. थांबा हलवायला वाहतूक पोलिसांचा होकार लागतो. हा कागद केला नाही, तर पुढची सगळी गणितं बरोबर येऊनही बस त्याच चौकात अडकेल. या प्रत्येक कार्यालयातला, फोन उचलणारा एक माणूस ओळखीचा असणं महागड्या सल्लागाराच्या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गर्दी कुठे मोजायची

तिकीट यंत्रातून दिवसाचे एकूण प्रवासी मिळतात. वेळापत्रकासाठी तो आकडा फारसा कामाचा नाही. हवा असतो तो मार्गावरच्या सर्वांत भरलेल्या टप्प्याचा, गर्दीच्या एका तासाचा, एका दिशेचा आकडा. बहुतेक मार्गांवर हा टप्पा स्टेशनच्या अलीकडे एक-दोन थांब्यांवर असतो, पण गृहीत धरू नका. पासधारक यंत्रात नीट उमटत नाहीत, आणि फाटकाला लोंबकळणाऱ्याने कुठे चढून कुठे उतरायचं ठरवलं होतं हेही यंत्राला ठाऊक नसतं. म्हणून दोन-तीन संशयित थांब्यांवर माणसं उभी करा आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात नोंद घ्या: किती बस आल्या, प्रत्येकीत अंदाजे किती माणसं, आणि किती जण चढू न शकल्याने मागे राहिले.

तो शेवटचा रकाना बहुतेक पाहणीत नसतोच. ज्याला जागा मिळाली नाही तो शेअर रिक्षाने निघून जातो, आणि आपल्या नोंदीत मागणी 'कमी' दिसते. मग कमी मागणी म्हणून फेरी रद्द होते. कित्येक चांगले मार्ग याच पद्धतीने मेले आहेत.

मोजणी मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी एका दिवशी करा. सोमवार आणि शुक्रवारची गर्दी वेगळी असते, आणि शाळांच्या सुटीतले आकडे तर घेऊच नका.

फेऱ्या किती, गाड्या किती

आता गणित. समजा, एका टोकाला रेल्वे स्टेशन आणि दुसऱ्या टोकाला वसाहत असा १२ किलोमीटरचा मार्ग आहे. सकाळी सर्वांत भरलेल्या टप्प्यावर तासाला ६०० माणसं एका दिशेने जातात. १२ मीटरच्या बसमध्ये बसलेले आणि बऱ्यापैकी उभे राहू शकणारे मिळून ६० धरू. म्हणजे तासाला १० फेऱ्या, दर ६ मिनिटांनी एक.

गर्दीच्या वेळी बसचा सरासरी वेग, थांबे धरून, ताशी १२ किलोमीटर असेल तर जायला ६० मिनिटं, यायला ६०. दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबणं धरलं तर एक पूर्ण चक्कर १४० मिनिटांची झाली. १४० ला ६ ने भागा: २३ पूर्णांक काही. म्हणजे रस्त्यावर २४ गाड्या. डेपोत दुरुस्तीसाठी आठ-दहा टक्के राखीव धरल्या तर २६ किंवा २७.

टोकाची १० मिनिटं कापायचा मोह प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला होतो. 'गाडी नुसती उभी असते' असं दिसतं ना! पण वाटेत झालेला उशीर तिथेच भरून निघतो, आणि ड्रायव्हर-कंडक्टरला पाणी, शौचालय तिथेच मिळतं. ती १० मिनिटं काढली की सकाळी आठ वाजता लागलेला उशीर रात्रीपर्यंत फेरीगणिक वाढत जातो. टर्मिनसच्या चौकीत स्वच्छ शौचालय आहे का, महिला कंडक्टरसाठी वेगळं आहे का, हे वेळापत्रक तयार करणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावं. तो वेळापत्रकाचाच भाग आहे.

वेग वाढवला तर गाड्या फुकट मिळतात

वरच्याच मार्गावर वेग ताशी १५ किलोमीटर झाला तर एक बाजू ४८ मिनिटांची, चक्कर ११६ मिनिटांची. त्याच ६ मिनिटांच्या सेवेला २० गाड्या पुरतात. चार गाड्या, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांची पार्किंगची जागा, सगळं वाचलं. उलट मेट्रोचं खोदकाम निघालं आणि वेग १० वर आला, तर चक्कर १६४ मिनिटांची होते आणि २८ गाड्या लागतात. मुंबईत गेल्या दशकात हेच झालं आहे: गाड्यांचा ताफा आटत गेला आणि उरलेल्या गाड्या रस्त्यांच्या कामांत अडकल्या. एकाच दुखण्याने थांब्यावरच्या माणसाला दोनदा मारलं.

म्हणून नवीन गाड्यांचा प्रस्ताव लिहिण्याआधी ड्रायव्हरला विचारा की गाडी नेमकी कुठे अडते. तो चार जागा सांगेल आणि त्यातल्या तीन अगदी साध्या असतील. थांब्यासमोर उभ्या रिक्षा. उजवं वळण घेताना दोन सिग्नल खाणारा चौक. शाळा सुटतानाची दुहेरी पार्किंग. स्टेशनबाहेरचे शेवटचे दोनशे मीटर तर जवळपास प्रत्येक उपनगरात सर्वांत महागडे ठरतात. ठाणे पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा, उन्नत डेक बांधून बस वर आणि रिक्षा खाली अशी फारकत केली. सगळीकडे असा डेक परवडणार नाही, पण फारकतीचं तत्त्व रंगाच्या पट्ट्या आणि एक हवालदार यांच्या जोरावरही बरंच साधतं.

स्वतंत्र बसमार्गिका हा सर्वांत मोठा उपाय, आणि राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेवरची जलद बससेवा, सुरू करून देशात आघाडी घेतली. पुढे मार्गिका सलग राहिल्या नाहीत, चौकांत तुटल्या, दुचाकी आत शिरल्या, आणि नगर रस्त्यावरचा काही भाग तर उखडूनच टाकला. माझं मत असं की शंभर किलोमीटरचा आराखडा जाहीर करण्यापेक्षा सर्वांत जास्त बस जाणारा एखादा किलोमीटर निवडा, तो सकाळच्या तीन तासांपुरता राखून दाखवा आणि तिथे दंड वसूल करा. बसमधले पन्नास जण गाडीतल्या एकट्यापेक्षा आधी पुढे गेले पाहिजेत, हे एकदा डोळ्यांना दिसलं की दुसरा किलोमीटर मागायला नगरसेवक स्वतःच येतात.

ड्युट्या कापणं

गाडी सोळा तास चालू शकते, माणूस चालू शकत नाही. मोटर वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) घालून दिलेली चौकट अशी होती: दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत. या चौकटीत सकाळ आणि संध्याकाळची गर्दी भागवायची तर काही ड्युट्या तुटक कराव्या लागतात: सकाळी चार तास, मध्ये सुटी, संध्याकाळी चार तास. यालाच स्प्रेड-ओव्हर म्हणतात आणि कोणालाही ती आवडत नाही. बदलापूर किंवा विरारला राहणारा ड्रायव्हर मधल्या चार तासांत घरी जाऊ शकत नाही. अशा ड्युट्या आळीपाळीने लावा, आणि डेपोत झोपायला खाटा असलेली खोली द्या.

माणसं किती लागतील? एका गाडीच्या दोन पाळ्या, आठवड्याच्या १४ ड्युट्या. एक माणूस साप्ताहिक सुटी धरून सहा करतो, म्हणजे २.३३ माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांत १५ टक्के गैरहजेरी धरली तर आकडा पावणेतीनच्या जवळ जातो. २४ गाड्यांसाठी ६६ ड्रायव्हर, आणि कंडक्टर असेल तर तितकेच कंडक्टर. हे गणित न करता गाड्या मागवल्या की त्या डेपोत धूळ खात उभ्या राहतात, आणि बातमी येते: 'ड्रायव्हरअभावी बस बंद'.

डेपोची पहाट

सकाळची पहिली बस वेळेवर बाहेर पडली की अर्धा दिवस जिंकला. त्यासाठी रात्रीच ठरलेलं असावं लागतं: कोणती गाडी कोणत्या रांगेत, कोणती आधी निघणार, कोणती पिटवर, म्हणजे खालून तपासणी-दुरुस्ती करायच्या खड्ड्यावर. विजेवरच्या गाड्यांनी हे काम आणखी नाजूक केलं आहे. आपल्या उदाहरणातली बस सोळा तासांत जवळपास सात चकरा करते, म्हणजे १६५ किलोमीटरच्या आसपास, शिवाय डेपो ते टर्मिनस ही रिकामी धाव वेगळी. एसी चालू, पाऊस, पूल चढायचे: अशा दिवशी बॅटरी काठावर येते. मग दुपारी कमी गर्दीत गाड्या आळीपाळीने चार्जिंगला आणाव्या लागतात आणि तो वेळ वेळापत्रकात आधीच लिहावा लागतो. वीजजोडणीचा भार वाढवून घेणं गाड्यांच्या ऑर्डरआधी सुरू करा. चार्जर बसवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ परवानग्या खातात.

नव्या तंत्राच्या गाडीवर जुना ड्रायव्हर दोन-चार दिवसांच्या ओळखीवर सोडू नका. इलेक्ट्रिक बसचा झटका, गिअरचा अभाव, ब्रेकची भाषा, सगळं वेगळं असतं. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला, त्यानंतर प्रशिक्षणाचा हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. तो करारातच लिहिलेला हवा: किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, आणि परीक्षा कोण घेणार.

रस्त्यावर: दोन बस एकामागोमाग का येतात

'अर्धा तास एक नाही, आणि मग तीन एकदम!' ही तक्रार मुंबईकर पिढ्यान् पिढ्या करतो, आणि बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो. कारण सोपं आहे. एखादी बस दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती पुढे सरकत तिला गाठते. कोणी चूक केलेली नसते, गर्दीच हे घडवते.

याची किंमत किती? सरासरी १० मिनिटांनी बस असलेला मार्ग घ्या. बस नेमक्या दहा-दहा मिनिटांनी आल्या तर सरासरी वाट पाहणं ५ मिनिटं. त्याच बस १८ मिनिटं, २ मिनिटं, १८, २ अशा आल्या, तर सरासरी अंतर कागदावर अजूनही १० मिनिटंच. पण लोक जास्त येतात ते लांब मोकळीकीत, म्हणजे दोन बसमधल्या मोठ्या अंतरात, म्हणून सरासरी वाट ८.२ मिनिटांवर जाते. शिवाय दहातले नऊ प्रवासी पहिल्या, खच्चून भरलेल्या बसमध्ये आणि मागची बस रिकामी. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगार तेवढेच. सेवा मात्र पार वेगळी.

यावर इलाज रोजचा आहे, एकदा करून विसरण्यासारखा नाही. टर्मिनसवरच्या स्टार्टरला, म्हणजे बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, 'वेळापत्रकाप्रमाणे सोड' एवढीच सूचना असते. दाट सेवेच्या मार्गावर ती बदलून 'मागची आणि पुढची बस बघून, अंतर राखून सोड' अशी द्या. गाड्यांवर जीपीएस असतंच, ते पडद्यावर स्टार्टरला दिसू द्या. मार्गाच्या मध्यावर एक नियंत्रण थांबा ठरवा, तिथे पुढे पळालेल्या बसला मिनिट-दीड मिनिट रोखा. आतले प्रवासी कुरकुरतील, पुढच्या थांब्यावरचे वाचतील. फारच मागे पडलेली बस टोकापर्यंत न नेता अर्ध्यातून वळवा, पण ती जवळपास रिकामी असेल तेव्हाच, आणि मागची बस नजरेत असताना. भर पावसात माणसं उतरवून बस वळवली तर त्या प्रवाशांना परत आणायला फार काळ लागतो.

एक गोष्ट करू नका: ड्रायव्हरला उशिरासाठी मेमो. मेमोच्या धास्तीने तो थांबे चुकवतो, म्हातारी माणसं चढण्याआधी गाडी हलवतो. मोजायचं असेल तर दोन बसमधलं अंतर मोजा, आणि त्याचा जाब नियंत्रकाला विचारा. ड्रायव्हरच्या हातात पुढची बस नसते.

विरळ सेवेचा नियम मात्र उलटा. बस वीस-तीस मिनिटांनी असेल तर लोक वेळ बघून येतात. तिथे दोन मिनिटं आधी निघालेली बस ही रद्द झालेली बसच समजा.

पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन आणि अंधेरी सबवे इथे पाणी भरतं हे दरवर्षी 'अचानक' कळण्याचं काही कारण नाही. प्रत्येक जागेचा पर्यायी रस्ता मे महिन्यातच लिहून ड्रायव्हरच्या हातात द्या, आणि बस कुठे वळणार ते थांब्यावरही लावा. भरतीचं वेळापत्रक नियंत्रण कक्षात भिंतीवर हवं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येणार असतील त्या दिवशी फेऱ्यांचा वेळ आधीच वाढवून मोजा. लोकल बंद पडली की स्टेशनांबाहेर ज्यादा बस लागतात. त्या कुठल्या डेपोतून निघणार आणि कोणाच्या आदेशावर, हे त्या क्षणी ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो. विसर्जनाच्या दिवसांनाही हेच लागू.

भाडं आणि ठेका

जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ५ रुपयांवर आणलं. प्रवासी लगेच वाढले, गाड्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. मे २०२५ मध्ये तेच किमान भाडं साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये झालं. मधली जवळपास सहा वर्षं भाडं स्थिर आणि मग एकदम दुप्पट, हा धक्का टाळता आला असता. दरवर्षी थोडं, ठरलेल्या सूत्राने, असं वाढवणं लोकांना कमी बोचतं. आणि तिकिटातून सगळा खर्च निघेल ही आशा जगातल्या बहुतेक महानगरांनी सोडली आहे. तूट कोण भरणार, किती आणि कोणत्या तारखेला, हे महापालिकेच्या अर्थसंकल्पात लिहून घ्या. तारीख महत्त्वाची, कारण पगार तारखेला होतात.

गाड्या भाड्याने घेतल्या, म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे आणि पैसे किलोमीटरमागे, तर ठेकेदार किलोमीटर विकतो. त्याला प्रवाशाशी मतलब नसतो. दर फार खाली पाडून घेतलेला ठेका स्वस्त वाटतो, पण मग पगार थकतात, संप होतात, आणि ठेकेदार मुदतीआधी गाशा गुंडाळतो. मुंबईने हे पाहिलं आहे. लंडनमध्ये १९८५ पासून मार्ग निविदेने दिले जातात, आणि दाट मार्गांवर प्रवाशांना ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजून पैसे वाढतात किंवा कापले जातात. चांगल्या कामाला मुदतवाढही मिळत आली आहे. आपल्या करारात दंडाची यादी लांबलचक असते, बक्षिसाचं कलम सापडत नाही. ते घाला. आणि ठेकेदाराच्या ड्रायव्हरचा पगार थेट बँकेत जमा झाल्याचा पुरावा पाहूनच बिल मंजूर करा.

बदल लागू करताना

मार्ग सरळ केले, फेऱ्या वाढवल्या, की कोणाची तरी थेट बस जाते आणि त्याला एक बदल करावा लागतो. तो विरोध रास्त असतो. बदलाच्या ठिकाणी दुसरी बस पाच-सात मिनिटांत मिळणार असेल आणि तिकीट पुन्हा काढावं लागणार नसेल, तरच त्याला हात घाला. नाहीतर जुना मार्ग राहू द्या.

एकाच दिवशी सगळं शहर बदलू नका. एका डेपोचे मार्ग घ्या, शाळा सुरू होऊन वेळा स्थिरावल्या की सोमवार टाळून सुरू करा. आठ दिवस आधी त्या थांब्यांवर मोठ्या अक्षरांत, मराठीत, क्रमांकासह कागद लावा, मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका. पहिले पंधरा दिवस नियंत्रकांनी टर्मिनसच्या चौकीत न बसता मधल्या थांब्यांवर उभं राहावं, आणि रोज संध्याकाळी तीनच आकडे वरच्या साहेबांना पाठवावेत: किती फेऱ्या सुटल्या नाहीत, मधल्या थांब्यावर सर्वांत लांब मोकळीक किती मिनिटांची होती, आणि किती माणसं चढू न शकल्याने मागे राहिली. पहिल्या आठवड्यात आकडे वाईटच येतील, त्यावरून मार्ग मागे घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यातही लांब मोकळीक त्याच थांब्यावर, त्याच वेळेला दिसत असेल, तर दोष वेळापत्रकात आहे. तिथे फेरीचा वेळ वाढवा, आणि मग गाड्यांची संख्या पुन्हा मोजा.